डावा शॉकप

माझ्या मोटारसायकलचा मागचा डावा शॉकप उजव्याच्या बराच आधी गेला होता. हे मला साखरखेर्ड्याच्या मिस्त्रीने सांगितले. मागच्या चाकाला दोन बाजूंनी जे दोन शॉक ॲब्सॉर्बर असतात, त्यांना आमच्याकडे शॉकपच म्हणतात. त्याने दोन्ही काढून, स्प्रिंगा सोडवून पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि आतल्या दांड्यांवरून नख फिरवले. उजव्यावर नख सरकले. डाव्यावर अडकले.

"मागं बाई बसते ना, साहेब?"

"कशावरून?"

"बाई एका अंगानं बसते. पाय डावीकडं, भार डावीकडं. मानूस बसत असता तं दोन्ही संगंच मेले असते. किती वर्सं झाली वहिनीले मागं बसता?"

"अकरा," मी म्हणालो. आठ महिन्यांपासून ती बसत नव्हती, हे सांगितले नाही.

मी मेहकरला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. पत्नी सुलतानपूरच्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी तिला शाळेत सोडायचे आणि तिथून पुढे बातम्यांना जायचे, असा आमचा क्रम होता.

"अहो, शॉकप बसले तुमच्या गाडीचे. करून घ्या ना," असे ती पहिल्यांदा कधी म्हणाली ते आठवत नाही. माझे उत्तर आठवते, कारण ते दर वेळी तेच होते. "शॉकपला काही झालं नाही. रोडच तसा आहे."

रोड तसा होताच. त्यावर मी तीन बातम्या दिल्या होत्या. खड्ड्यांची लांबी-रुंदी टेपने मोजून दिली होती. तिची कंबर दुखायची, ती रात्री शेकायची, सकाळी पुन्हा मागे बसायची. एकदा म्हणाली, "माझी कंबर काय बातमी आहे का, संध्याकाळच्या आत पाठवायची?" तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा हेच म्हणाली तेव्हा हसली नाही.

हिवाळ्यातली सकाळ होती. सुलतानपूरच्या अलीकडे एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि तिने माझ्या खांद्यावर हात मारला. "थांबवा." ती उतरली. एका हाताने मागचे कॅरियर धरले, दुसरा कमरेवर ठेवला आणि वाकून उभी राहिली. तिला बोलता येत नव्हते. मी गाडी स्टँडवर लावली, चार पावले मागे गेलो आणि मोबाइल काढला. खड्डा, गाडी, बाई. तिने मान वळवून पाहिले. मी कोणाला तरी बोलावतो आहे, असे तिला वाटले असावे.

"एक मिनिट," मी म्हणालो. "तशीच थांब. इकडं पाहू नको."

ती तशीच थांबली.

फोटो दुसऱ्या दिवशी तीन कॉलमांत आला. ओळ मीच लिहिली होती: 'खड्ड्यांमुळे महिला प्रवाशांचे हाल'. चेहरा दिसत नव्हता, नाव दिले नव्हते. डेस्कवरून फोन आला की फोटो जिवंत आहे. शाळेत मात्र सगळ्यांनी साडी ओळखली. घरी आल्यावर तिने अंक उभ्याउभ्याच पाहिला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"महिला प्रवासी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती काळीपिवळी जीपने जाऊ लागली.

अंकात चूक झाली तर आम्ही दुरुस्ती छापतो, त्याच पानावर, लहान अक्षरांत. त्या फोटोची दुरुस्ती करण्यासारखे काही नव्हते. त्यातले सगळे खरे होते.

पुढे त्या पट्ट्याचे डांबरीकरण झाले. बातमीची दखल घेतली गेली, अशी बातमीही मीच दिली. नव्या डांबरावरून पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा गाडी पूर्वीसारखीच आपटत होती. खड्डे नव्हते, हादरे होते. त्यानंतर मिस्त्रीकडे जायला मला सहा महिने लागले.

"रोडच्या बातम्या तं लय देता, साहेब," मिस्त्री म्हणाला. "अन् हे तेल गळून राह्यलं ते दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

चरे पडलेल्या दांड्यावर तेल अडवणारे नवे सील टिकत नाही. त्याने भंगारातल्या दुसऱ्या शॉकपाचा दांडा काढून बसवला, दोन्हीकडे नवी सिले टाकली, मापाने सारखे तेल भरले. मग दांडा उभा धरून वरखाली करत राहिला. आधी आतली हवा फुसफुसली, नंतर आवाज थांबला. गाडीला चढवल्यावर त्याने स्प्रिंगेखालच्या कडीला पाना लावला. या कडीला खाचा असतात. एकट्यासाठी खालची, दोघांसाठी वरची.

"डबल सीटवर ठेवू ना?"

"ठेवा."

घरी येऊन मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. तिच्या पायाशी, डाव्या शॉकपवरून काळा ओघळ खाली आलेला आहे. पिकाचे नुकसान मी बांधावरून नुसते पाहून सांगतो. तो ओघळ मला दिसला नव्हता, असे मी लिहू शकत नाही.

तिला अंगणात बोलावले. तिने सीटवर तळहात दाबला. सीट खाली गेली, सावकाश वर आली, थांबली.

"चांगलं झालं काम," ती म्हणाली. वही तपासल्यासारखी. "आता काऊन केलं पण?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी करायचं होतं तेव्हा मी मागं बसलेली होती."

सकाळी मी गाडी सुरू करून फाटकाशी थांबलो. "चल, सोडतो."

"नको. जीप वेळेवर येते." ती चालत गेली.

दोघांची खाच एकट्याला फार कडक पडते. पंधरा दिवस प्रत्येक गतिरोधक माझ्या कमरेत शिरला. सोळाव्या दिवशी बाजाराच्या बातमीसाठी साखरखेर्ड्याला गेलो, तेव्हा गाडी मिस्त्रीपुढे उभी केली आणि कडी खाली घ्यायला सांगितली.

"काऊन, साहेब? वहिनीले कडक लागते काय?"

"हो."

"मंग सांगा नं लवकर. बाईमानसाची कंबर हाय ते." त्याने दोन्ही कड्या खालच्या खाचेवर आणल्या, सीट दाबून पाहिली. "आता बसवून पाहा. म्हनतीन, गादीवर बसली म्हून."

परतीच्या वाटेवर गाडीने एकही हादरा दिला नाही.