आग्नेयेचा प्लग

आमच्या भिंगारच्या घरात चहा करायला एक पाट, एक लाटणं आणि थोडं धैर्य लागायचं.

पाट उभं राहायला, लाटणं बटण दाबायला आणि धैर्य अर्थातच बायकोचं. (माझं काम चहा पिण्याचं. तेही मी पलंगावर पाय वर घेऊन करायचो. उगाच जोखीम नको!) कारण असं, की विजेच्या शेगडीचा प्लग बरोबर मोरीच्या वर होता. मोरी म्हणजे तीच, जिथे भांडी घासायची, कपडे खंगाळायचे आणि सकाळी पडदा ओढून अंघोळही उरकायची. बादलीत तांब्या जरा जोरात बुडवला, तरी चार थेंब प्लगच्या तोंडात जायचे आणि आतून 'चर्र' असा आवाज यायचा.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. मी लष्कराच्या एका कचेरीत कारकून होतो, लग्न नुकतंच झालं होतं आणि संसार दोन खोल्यांचा होता. घासलेटला रांगा लागायच्या, म्हणून सासऱ्यांनी लग्नात दिलेली विजेची शेगडी हाच आमचा मोठा आधार.

"अहो, आज पुन्हा शॉक बसला," कुसुम दंड चोळत सांगायची.

"जोरात?"

"म्हणजे हळू बसला तर चालेल का तुम्हाला?"

मला काळजी वाटत होती, अगदी मनापासून! कचेरीत बेरजा करताना मध्येच मनात यायचं, आता हिनं शेगडी लावली असेल, आणि बेरीज चुकायची. पण काळजी वाटणं वेगळं आणि घरमालकापुढे जाऊन तोंड उघडणं वेगळं.

आमचे घरमालक तात्या पुढच्या अंगाला राहायचे. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा, घोडेगावच्या बाजारात म्हशीची नुसती चाल बघून दूध किती देईल ते सांगणारा माणूस. शिवाय स्वभावानं देवमाणूस, आणि खरी अडचण तीच होती! भांडखोर मालकाशी भांडता तरी येतं. तात्यांकडे तक्रार घेऊन गेलं, की ते आधी घोंगडी अंथरायचे, मग चहा मागवायचे, मग गावाकडच्या पाऊसपाण्याचं सांगायचे. पहिल्यांदा मी प्लगबद्दल बोलायला गेलो आणि दुधी भोपळा घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा खरवस मिळाला.

"प्लगचं काय झालं?" कुसुमनं विचारलं.

"वेलदोडा घातलाय गं यात," मी म्हणालो.

त्यानंतर एका रविवारी मी हातपाय धुवायला मोरीत उतरलो. तांब्या घ्यायला वाकलो आणि कोपर प्लगला लागलं. पुढचं मला नीट आठवत नाही. तांब्या पलंगाखाली सापडला, मी ज्वारीच्या कोठीला टेकून बसलेला सापडलो. परदुःख शीतळ म्हणतात ते काही खोटं नाही! आपलं दुःख किती व्होल्टचं असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी ओल्या लेंग्यानिशीच तात्यांच्या दारात उभा राहिलो.

"तात्या, चहा नको. तो प्लग तिथून काढा!"

तात्यांनी छातीवर हात ठेवला. "भाऊसाहेब, दुसरं काय बी मागा. त्यो प्लग हलायचा न्हाई."

"का पण?"

"शेगडी म्हंजे अग्नी. अग्नीची जागा आग्नेयेला. बापानं चूल आग्नेयेला मांडली हुती, वीज आल्यावर म्या प्लग आग्नेयेला मांडला. शास्तर हाय ते."

"अहो, पण मोरीही तिथेच आहे!"

"पान्याचा उतारच तिकडं हाय, त्याला मी काय करू? गटार काय शास्तर बघून व्हातंय व्हय?"

"हिला शॉक बसतात हो!"

"मंग सूनबाईला रबरी चपला घ्या." एवढं बोलून तात्या स्वतःच दचकले. "न्हाई, न्हाई. अन्नपूर्णेपुढं चपला कशा चालत्याल? पाटच बरा हाय."

मी घरी येऊन विचार केला. शास्त्राला उत्तर शास्त्रानंच द्यायला हवं! आमचं घर रस्त्याच्या वळणावर जरा तिरकं बांधलेलं होतं. तेव्हा तो कोपरा अगदी काटेकोर आग्नेय असणं शक्यच नव्हतं. वीतभर फरक निघाला, तरी प्लग वीतभर सरकेल आणि बायको वाचेल, असा माझा डाव. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांच्याकडे त्यांचं जुनं होकायंत्र होतं, ते मी मागून आणलं. (ते कसं वापरायचं हे सुभेदार सांगत होते. मी म्हटलं, मी मॅट्रिक झालोय.)

तात्या अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, होकायंत्राला हात जोडले आणि म्हणाले, "सूनबाई, आधी यंत्राला कुंकू लावा."

कुसुमनं काचेवर कुंकू लावलं. त्यामुळे उत्तर दिशा जरा दिसेनाशी झाली, पण सुई दिसत होती. होकायंत्राला सपाट जागा हवी एवढं मला ठाऊक होतं. मी ते ज्वारीच्या लोखंडी कोठीच्या झाकणावर ठेवलं. सुई थरथरली, डुलली, आणि गर्रकन फिरून स्थिर झाली. मी बोटांवर मोजून दिशा लावल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या. वीतभर कुठला? आग्नेय दिशा स्वयंपाकघर सोडून पार बाहेरच्या खोलीत गेली होती! तिथे ती माझ्या आरामखुर्चीवर जाऊन बसली होती.

"काहीतरी चुकतंय, तात्या," मी चाचरत म्हणालो. "सूर्य तर सकाळी..."

"सूर्याचं नका सांगू. सहा म्हैनं हिकडं सरकतो, सहा म्हैनं तिकडं. त्येचा काय भरवसा? हे मिल्ट्रीचं यंत्र हाय. ह्येच्या जोरावर तोफा डागत्यात!" तात्यांचे डोळे भरून आले. "आन् म्या इतकी वर्सं अग्नी पान्यात बसवला! सूनबाई, माफी करा."

कुसुम तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गवंडी आणि वायरमन दोघेही हजर! तात्या डोक्यावर उभे राहून काम करून घेत होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी ओटा झाला, त्याच्यावर कोरड्या भिंतीत छान उंचावर प्लग बसला. जुन्या प्लगचं भोक बुजवून गिलावा झाला. मोरी मात्र होती तिथेच राहिली, कारण गटार शास्त्र बघून वाहत नव्हतं. माझी आरामखुर्ची आत आली. आतल्या खोलीत एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला कोठी. खुर्चीला जागा उरली ती मोरीशेजारी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी होकायंत्र परत करायला निघालो. अंगणात सहज सुईकडे पाहिलं, तर आग्नेय पुन्हा मोरीवर! मी धावत आत आलो.

"अगं, सुई फिरली! आधीचीच जागा बरोबर होती!"

कुसुम नव्या ओट्याशी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी तुम्ही यंत्र लोखंडी कोठीवर ठेवलंत. लोखंडाजवळ सुई फिरते. आम्हाला शाळेत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं शास्त्र बघत होतात. म्हटलं, मध्ये कशाला बोला?" मग विळीवरचा हात थांबला. हळूच म्हणाली, "रोज बटण दाबताना मला जीव जाईल अशी भीती वाटायची हो."

मला एकदम भडभडून आलं. पण तोंडातून सवयीनं निघालं, "चहा ठेवतेस?" तिनं लाटण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर उभं राहून, नुसत्या बोटानं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नात नेसलेल्या शालूतही ती इतकी छान दिसली नव्हती.

तरी माझा सज्जनपणा गप्प बसेना. "तात्यांना सांगायला हवं."

"सांगा की. पण प्लग परत मोरीवर आला, तर पाटावर तुम्ही उभं राहायचं."

मी गेलो आणि सगळं सांगितलं. तात्यांनी पटका काढून डोकं खाजवलं.

"म्हंजे आता शेगडी कुठं हाय?"

"ईशान्येला."

"ती तर देवाची जागा. देवाच्या जागी अन्न शिजतंय, वंगाळ काय त्यात?" मग आमच्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् भाऊसाहेब, आता गिलावा वाळला. आता आग्नेयेनंच जरा सरकून घ्यावं."

तेव्हापासून आमच्याकडे येणारा पाहुणा उंबरा ओलांडला की थेट स्वयंपाकघरात शिरतो. गरम भजी खातो, चहा पितो, कुसुमशी पोटभर गप्पा मारतो. निघता निघता त्याला माझी आठवण होते. "साहेब कुठे दिसत नाहीत?"

"आत आहेत, मोरीपाशी."

मी वर्तमानपत्र डोक्यावर धरून बसलेला असतो. भांडी घासताना पाणी उडतं आणि माझ्या तोंडून 'चर्र' असा काहीतरी आवाज निघतो. चुकीच्या जागी बसवलेली वस्तू तात्यांनी हलवली, हे खरं. तिच्या जागी आता मी बसतो, आणि मला हलवा म्हणून घरमालकाकडे कुणीही जात नाही!