'खाली' लिहिलेला डबा

रेवाचा फोन आला तेव्हा मी अमीनाबादच्या बाजारात दादासाठी मऊ चादर बघत होतो. "काका, घर आ जाइए... बाबा नहीं रहे." दुकानदाराने उलगडलेली चादर तशीच त्याच्या हातात सोडून मी निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा रेल्वेत इंजिनिअर म्हणून साताऱ्याहून लखनौला आला, पाठोपाठ मी. नोकऱ्या संपल्या तरी दोघे आलमबागेतच राहिलो. दादाचा जीव होता तो कुण्या तालुकेदाराच्या गॅरेजातून आणलेल्या आठ सिलिंडरच्या जुन्या अमेरिकन गाडीत. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तिचे रबरी पाइप खायचं, म्हणून हा गृहस्थ दर रविवारी पेट्रोल धुवायचा! त्यात पाणी घालून घुसळायचं, मग थांबायचं... इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी जातं. वरचं पेट्रोल एका डब्यात, तळाचं पाणी दुसऱ्यात. डब्यांवर खडूने 'वर' आणि 'खाली'. "लोक भांडी धुतात, तू पेट्रोल धू," मी चिडवायचो. "आणि तू मराठी धुऊन बस," तो म्हणायचा. खरंच होतं ते. माझ्या तोंडी सब्जी, अच्छा, हाँ यार. त्याच्या मराठीला मात्र लखनौचा वारा लागला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात त्याला खाटेवरून उठवेना. म्हणाला, "एकदा चालू कर रे तिला. ऐकायचीय... एक दिवस न धुतलेलं चालेल." त्याला ऐकू यावं म्हणून मी खिडकी उघडली आणि गॅरेजात उतरलो. टाकी कोरडी, 'वर'चा डबाही संपलेला. दुसऱ्यावर 'खाली' लिहिलेलं वाचलं, म्हणजे रिकामाच की! उचलला तेव्हा तळाशी काहीतरी डचमळलं, उरलंसुरलं असेल म्हटलं. पंपावरून त्यातच पेट्रोल आणलं आणि ओतलं. इंजिन गुरगुरलं, दोनदा ठसकलं, बंद पडलं. मेकॅनिकला बोलावलं. "साहब, टंकी में तो पानी है," तो म्हणाला.

तेव्हा कळलं. दादाने मराठीत लिहिलं होतं, मी हिंदीत वाचलं होतं. एका आईची लेकरं आम्ही!

वर गेलो. "काय झालं?" दादाने विचारलं. "जुनी झालीय रे ती," मी म्हणालो.

तो म्हणाला, "माझंच चुकलं असेल. आजवर नीट धुतलं गेलं नसेल." तरीही मी बोललो नाही. दोन दिवसांनी तो गेला, तो ही चूक स्वतःची समजूनच. मी भित्रा आहे, दुसरं काय म्हणू?

तेराव्यानंतर मेकॅनिकने टाकी धुतली, पाइप साफ केले. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली, खिडकीची तावदानं थरथरली. मी धावत जिना चढलो, दादाच्या खोलीच्या दारात येऊन थांबलो.

रेवा आत गादी गुंडाळत होती. डोळे पुसत म्हणाली, "काका, ये कमरा खाली कर दें?"

तो शब्द मला या वेळीही आधी हिंदीतच कळला. तिला म्हटलं, राहू दे, आज नको... खाली गाडी चालूच होती.