पुढचा डावा टायर

माझी पोस्टिंग हर्सूलच्या पुढल्या कॅम्पात आली तेव्हा माझी बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. लेकरू कन्नडला आईपाशी ठेवलं, अंगावरचं पीत होतं तसंच ठेवलं, आन् वर्दी घालून गेटवर हजर झाले. फोर्समधे मी ड्रायव्हर होते, महिला कंपनीत. शाळा दहावीपत्तर, ती बी कशीबशी, तवा लिहिण्यात मागंपुढं झालं तर समजून घ्या. जे झालं ते तसंच सांगते, आन् लेकरू उठायच्या आत सांगते.

कंपनीकडं एक गाडी होती. बसची बॉडी, आत निजायचे बंक, शेगडी, पाण्याची टाकी, मागं संडास. बंदोबस्ताला गेल्यावर पोरींना कुठल्याबी शाळेच्या व्हरांड्यात निजायला लागू नये म्हणून दिलेली. कागदावर तिचं नाव महिला रेस्ट व्हॅन. आम्ही तिला घर म्हणायचो. "घर झाडलं का?" "घराला डिझेल पाजलं का?" असं चालायचं. निवडणूक असली, नायतर मोठी जत्रा असली की घर निघायचं. बाकी सगळा काळ शेडमधे उभं.

गाडी मला हवालदार गिरजा खरात यांनी शिकवली. चितेगावच्या. फोर्समधे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, बाई असली तरी उस्तादच. रोज सकाळी गाडी हलायच्या आधी फर्स्ट परेड असती, म्हणजे तेल, पाणी, ब्रेक, टायर सगळं ड्रायव्हरनं तपासायचं. उस्ताद मला गाडीखाली घुसवायच्या आन् वरनं म्हणायच्या, "हात लाव पोरी, हात लाव. नुसतं बघायला तू काय पाहुणी आलीस?"

आता आमच्यातली एक रीत सांगते, ती बाहेरच्यांना ठाव नसती. मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार असले की गाडीचे टायर काळे करायचे. बुटाचं पॉलिश डिझेलमधे कालवायचं आन् फडक्यानं टायरला फासायचं. चाकाच्या रिमला पांढरा पेंट, नटांना लाल पेंट. साहेब रांगेतनं चालत जातात, गाड्या चकाकतात, शाबासकी मिळती. दर इन्स्पेक्शनला नवा थर, जुन्यावर. घर तर उभीच गाडी, तिला सगळ्यात जास्त थर.

त्या सकाळी हुकूम आला. घाटाखाली बंदोबस्त, कन्नडवरनं जायचं, घर आन् मागं सामानाचा ट्रक. घर मी चालवणार होते. आमच्या सेक्शनच्या सगळ्या पोरींनी बंकावर पिशव्या टाकल्या. मी फर्स्ट परेडला वाकले, पुढच्या डाव्या टायरवरनं हात फिरवला, आन् हाताला कायतरी लागलं. आतल्या बाजूला, रिमच्या जवळ. लिंबाएवढा फुगा. मी डिझेलचं फडकं घेऊन पॉलिश पुसलं तर खाली भेगा. बारीक बारीक, सुकल्या तळ्याच्या तळावानी. रस्त्याला घासती ती नक्षी मात्र नव्यासारखी, कारण गाडी चाललीच नव्हती. उभी राहून म्हातारी झाली होती.

मी उस्तादला हाक मारली. त्या बसल्या, अंगठ्यानं फुगा दाबला, हसल्या.

"कलप लावलेला नवरदेव हाय हा. वरनं काळाभोर, आतनं साठीचा."

"उस्ताद, हा घाट उतरंल का?"

"तू दिली असतीस का पोरगी ह्याला?"

"नाय."

"मग मला काय विचारती?"

स्टेपनी बघितली, तिलाबी तसल्याच भेगा, वर एक चीर. मागचे टायर त्याच वयाचे, पण फुगा कुठं नव्हता, आन् मागं जोडीजोडीनं असतात, एक गेला तर दुसरा तोलतो. उस्ताद म्हणाल्या, पुढचा मागं टाकू, मागचा पुढं आणू, हळूहळू जाऊ. जॅक लावला. पाना लावला. नट हलेनात. इतक्या वेळा पेंट फासलेला की नट आन् रिम एकच झालेलं. शबाना वायरलेस ऑपरेटर, हर्सूलचीच, ती बी पान्यावर उभी राहिली, उड्या मारल्या. एक नट फिरला, दुसऱ्याचा बोल्टच तुटून हातात आला. शबाना म्हणाली, "क्या जी, दुल्हे को उतारने से पहले मंडप गिराते क्या?" उस्ताद हसल्या. मी हसले नाय.

कंपनीचे सुभेदार साहेब आले. घड्याळ बघत.

"गाडी अजून इथंच?"

मी सावधान झाले. "साहेब, गाडी अनफिट हाय. पुढचा डावा टायर."

त्यांनी वाकून बघितलं. नक्षीत नख घातलं. "नक्षी तर पूर्ण हाय. किलोमीटर किती झालं ह्याचं? अर्धंबी नाय. किलोमीटर भरल्याशिवाय टायर कंडेम होत नसतो. नवा मागितला तर वरनं काय उत्तर येईल, ठाव हाय ना?"

"साहेब, फुगा हाय."

"हवा कमी कर आन् चल."

हवा कमी केली की टायर जास्त तापतो, हे मला उस्तादनंच शिकवलेलं. उस्ताद बोलल्या, "साहेब, बाजारातनं आणू टायर. शहरात दुकानं हायती. पोरी वर्गणी काढत्यात."

"सरकारी गाडीला खाजगी टायर? उद्या मला जाब विचारतील. गाडी निघंल. ऑर्डर हाय."

मी लई भ्याले होते, हे लपवत नाय. नोकरी जाईल म्हणून बी भ्याले आन् घाटाला बी भ्याले. दोन भीत्या समोरासमोर उभ्या राहिल्या आन् घाटाची मोठी निघाली. मी किल्ली मुठीत धरली.

"साहेब, मी नाय नेणार."

"काय?"

"गाडी नाय नेणार. किल्ली देणार नाय."

"चार्ज लागंल."

"लागू द्या."

मग मी काय केलं ते मलाच कळलं नाय. मी दाराशी गेले आन् आत ओरडले, "उतरा खाली! सगळ्या उतरा!" पोरी माझ्याकडं बघत राहिल्या, सुभेदार साहेबाकडं बघत राहिल्या. माझी रँक सगळ्यात खालची. कोण ऐकणार? पहिली शबाना उतरली, वायरलेस सेट पाठीवर टाकून. तिच्यामागं दुसरी. मग सगळ्या. पिशव्या घेऊन शेडसमोर उभ्या राहिल्या. सुभेदार साहेबाचा चेहरा लालबुंद.

त्या वेळी उस्ताद पुढं आल्या. "साहेब, एक ऐका. पोरी ट्रकात बसतील. रिकामी गाडी मी नेते. हलकी राहील. ऑर्डर बी पूर्ण होईल, चार्ज बी कुणाला नको."

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. म्हणाले, "ठीक हाय."

मी म्हणले, "उस्ताद, नाय."

त्यांनी हात पुढं केला. "किल्ली दे."

"तुम्हीच म्हणल्या पोरगी दिली नसती."

"पोरगी नाय देत हाय. मी जाती. तुझं लेकरू अंगावरचं पितंय, चार्ज लागला तर कोठडीत बसून दूध पाजणार का? दे किल्ली. ऑर्डर हाय माझी, आन् मी हवालदार हाय तुझी."

मी मूठ उघडली नाय. त्यांनी माझी बोटं एक एक करून उघडली.

मोडका बोल्ट होता तसाच. जॅक काढला. आम्ही पोरी ट्रकात सामानावर बसलो, गाद्यांच्या गुंडाळ्यांवर. घर पुढं, ट्रक मागं. वेरूळ गेलं. ऊन वर आलं होतं, रस्ता तापत चालला होता. मी मागच्या फळीवरनं नाय, पुढं केबिनच्या टपाला धरून उभी होते, घराकडं बघत. उस्ताद बैलगाडीच्या चालीनं चालवत होत्या. एसट्या हॉर्न देऊन पुढं जात होत्या, एक जीपवाला कायतरी ओरडून गेला. कन्नड आलं. बाजाराचा दिवस होता. आईची गल्ली डाव्या हाताला मागं पडली, माझ्या छातीला पान्हा फुटला, वर्दी भिजली. मी वरनं पिशवी धरली. ट्रक थांबला नाय.

घाट लागला. उस्तादनं सुरुवातीलाच खालचा गिअर टाकला, आवाजावरनं कळलं मला. ब्रेकचा दिवा लागत होता, विझत होता. वळणं गेली. मला वाटलं, उतरतोय. खरंच वाटलं.

मग आवाज झाला. ढाम्. घर डावीकडं खचलं. खालनं एक एसटी वर येत होती, भरलेली. उस्तादनं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं असतं तर घर एसटीवर गेलं असतं. त्यांनी ओढलं नाय. गाडी डोंगराकडं जाऊ दिली. दगडाच्या कड्यावर जाऊन घर थांबलं.

ट्रक थांबायच्या आत मी उडी मारली. एसटीतले लोक बी धावले. आत बंक सगळे तुटून पुढं आले होते, एकावर एक, जिथं पोरी असत्या तिथं नुसतं लोखंड. उस्ताद सीटवर होत्या. मी हाक मारली. मी लई हाका मारल्या.

शबानाचा सेट माझ्या मागं चालू होता. लिमा टू हे आमचं वायरलेसवरचं नाव. तिचा आवाज अजून कानात हाय.

"कंट्रोल, कंट्रोल, लिमा टू. रेस्ट व्हॅन ॲक्सिडेंट. कन्नड घाट. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"लिमा टू, कॅज्युअल्टी कितनी? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"लिमा टू, व्हॅन में पूरा सेक्शन है. कन्फर्म करो. ओव्हर."

"सेक्शन ट्रक में है, कंट्रोल. एक. उस्ताद." पुढं ती ओव्हर म्हणलीच नाय.

चौकशी बसली. बयानाच्या आदल्या सांजेला सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. आवाज मऊ होता. म्हणाले, "जे गेलं ते परत येत नाय. बयानात एवढंच सांग, स्पीड जास्त होती, ड्रायव्हरचा कंट्रोल सुटला. तुझ्या किल्लीचा विषय मी काढणार नाय. लेकरू लहान हाय तुझं."

मी घरी आईला फोन केला, लेकराचा आवाज ऐकला, ते नुसतं ऊं ऊं करत होतं. नोकरी गेली तर काय, ह्याचा विचार केला. उस्तादवर चूक लागली तर काय, ह्याचा बी केला. चितेगावात त्यांची आई होती, म्हातारी. तिला कुणीतरी जाऊन सांगणार, तुमच्या पोरीनं वेडीवाकडी गाडी हाकली म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाहेरनं आलेले साहेब टेबलामागं बसले. त्यांनी विचारलं, स्पीड किती होती?

"साहेब, मी मागच्या ट्रकात उभी होते. गाडी बैलाच्या चालीनं उतरत होती. टायर म्हातारा होता. फुगा होता. मी हातानं बघितला. सुभेदार साहेबांनी बी बघितला."

"मग तू ऑर्डर मोडलीस?"

"व्हय साहेब. मोडली."

"चूक कबूल?"

"नाय साहेब. पुन्हा तसला टायर दिला तर पुन्हा मोडीन."

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, जा. माझ्यामागं शबाना आत गेली, तिच्यामागं एक एक पोरगी. बाहेर बाकावर बसून मला आतलं ऐकू येत होतं. सगळ्यांचं एकच. टायर. टायर. टायर.

मला शिक्षा झाली, किल्ली दिली नाय त्याची. ती मी भोगली. उस्तादवर चूक लागली नाय. उभ्या गाड्यांचे जुने टायर काढायचा हुकूम आला. काढलेले टायर शेडमागं पडले, तेव्हा आम्ही पोरींनी कोयते घेऊन ते बाजूनं कापले, पुन्हा कुणी ते कुठल्या गाडीला चढवू नये म्हणून. कुणी अडवलं नाय.

पुढं शहिदांचा दिवस आला. कॅम्पात दगड हाय, त्यावर नावं हायती. ती वाचतात, आपण सलामी देतो. उस्तादचं नाव त्यात नव्हतं. गोळीनं मेला तर शहीद, टायरनं मेला तर अपघात, असा नियम. नावं संपली. मोठ्या साहेबांनी कागद मिटला. विसर्जनाचा, म्हणजे रांगा मोडायचा हुकूम झाला. महिला कंपनी हलली नाय. ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ. हुकूम पुन्हा झाला. कुणी पाय उचलला नाय. साहेब पायऱ्या उतरून खाली आले, आमच्या रांगेसमोर उभे राहिले.

"काय हाय?"

मीच पुढल्या रांगेत होते. मी म्हणले, "साहेब, एक नाव राहिलं."

वारा झेंड्याच्या दोरीला खांबावर आपटत होता. मग ते पुन्हा पायऱ्या चढून माइकपाशी गेले आन् कागद न बघता नाव घेतलं. आम्ही सलामी दिली. मग विसर्जन झालो.

आता मी फोर्स सोडली. संभाजीनगरात शाळेची व्हॅन चालवते. उन्हाळ्यात लोक गाड्या घेऊन लांब निघतात, कुणी तर आत गादी, शेगडी टाकून घरच करतात गाडीचं, आन् मला विचारतात, ताई, नक्षी चांगली हाय, एक ट्रिप निघंल ना ह्यावर? मी म्हणते, खाली बसा, आतल्या बाजूला हात घाला. जुना असंल तर निघायच्या आधी बदला. लोक म्हणतात, तू लई भित्री. व्हय, हाय मी भित्री. भ्याले म्हणून सगळ्या पोरी आज जित्या हायती.

दगडावर नाव अजून कोरलं नाय. कोरतील तेव्हा कोरतील. तवर मी इथं लिहिते, छापून येऊ द्या:

हवालदार ड्रायव्हर गिरजा खरात, राहणार चितेगाव. कन्नड घाटात, ड्युटीवर. चूक टायरची होती. गाडी त्यांनी नीट चालवली.