सातव्या ट्रेमधले नर

यासुएबाईंच्या नादी लागू नये, हे जपानातल्या आमच्या गुनमा रेशीमकिडा केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. कुरिमोतो सर नवीन होते.

बाई चाळीस वर्षं अळ्या उलट्या करून नर-मादी निवडत आल्या होत्या. पोटाखाली, शेपटीकडे चार बारीक ठिपके दिसले की मादी, नाहीतर नर. मी शेजारी तुतीचा पाला टाकायचे.

त्या वसंतात सातव्या ट्रेमधल्या चाळीसही अळ्या त्यांनी वहीत नर लिहिल्या आणि आपला शिक्का मारला. सरांच्या तपासणीत त्यांतल्या एकोणीस अळ्यांत मादीचं गुणसूत्र निघालं.

"डोळे गेले तुमचे, बाई," सर म्हणाले. "नोंदीवर दोन रेघा मारून ती खोडा आणि वर दुरुस्तीचा शिक्का मारा. नाहीतर यंदा तुमच्या कराराचं कठीण आहे."

"मी पाहिलं ते लिहिलं. कराराचं काय करायचं ते करा, शिक्का मारणार नाही."

या कामाशिवाय बाईंना दुसरं काहीच नव्हतं. सरांनी लाल शाईनं 'निवड चुकली' असं लिहून स्वतःचा शिक्का ठोकला.

"या अळ्या अंड्यात होत्या तेव्हा तुम्ही त्यांना टोचलं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मादीच्या गुणसूत्रात प्रथिन बनवायची एकही कृती नाही, नुसती अडगळ. तिच्यातून निघणारा एक चिमुकला आरएनए बंद पाडला. त्यानं काय बिघडणार?"

"चाळीस वर्षं याच इमारतीच्या अडगळीच्या खोलीत बसलेय मी. तिथून काय काय चालतं ते मला विचारा!"

सरांनी सांगूनही ट्रे फेकून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्या एकोणीस अळ्यांचे कोष त्यांनी लाल दोरा बांधून वेगळे ठेवले. पतंग बाहेर पडले त्या सकाळी सरांना बोलावलं आणि मधोमध दुसऱ्या ट्रेमधली एक मादी ठेवली.

एकोणीसच्या एकोणीस पतंग पंख फडफडवत तिच्याभोवती गिरक्या घेऊ लागले. मादीच्या मागे असं नरच लागतात. आता सरांना उमगलं. तो आरएनए स्वतः काही घडवत नव्हता, नर घडवणाऱ्या जनुकाचं तोंड तेवढं दाबून धरत होता. हात निघाला आणि मादी व्हायचे ते किडे नर झाले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"बाई, हे छापायला हवं," सर पुटपुटले. "तुमचं नावही घालू."

बाईंनी वही पुढे सरकवली. "नावाचं नंतर बघू. आधी दोन रेघा मारा."

"कुठे?"

"तुमच्या लाल ओळीवर. आणि वर शिक्का."

सरांनी खिसे चाचपले. "शिक्का खाली राहिलाय."

"मग आणा जाऊन," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "मी थांबते."