चुलीवर खापर बसत नव्हते

आईला दम लागायचा. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर औषधाआधी चुलीची चौकशी केली. घरात पऱ्हाटी जाळतात, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, हे कळल्यावर ते म्हणाले की धूर बंद झाला नाही तर गोळ्यांचा उपयोग होणार नाही. गॅस तेव्हा जळगावातही नंबर लावून मिळत असे. चोपड्याकडच्या आमच्या गावात तो कोणाकडेच नव्हता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. निर्धूर चुलीला सरकार अनुदान देत होते. जळण कमी लागावे आणि धूर नळीवाटे छपराबाहेर जावा, अशी ती चूल. मी जळगावच्या एका दैनिकात होतो आणि या योजनेच्या बातम्या माझ्याकडेच येत. तालुका, उद्दिष्ट, पूर्ण झालेले काम, एवढे लिहिले की बातमी होई. योजनेचा अर्ज मात्र मी पहिल्यांदा वाचला तो आईसाठी. त्याखाली छापले होते की जुनी चूल मोडली पाहिजे, आणि तपासणीच्या वेळी घरात किंवा अंगणात तशी चूल आढळली तर अनुदान मिळणार नाही.

संक्रांतीनंतर चूल झाली. ती बांधणारी बाई गावातलीच होती, तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेली. तिच्याजवळ लोखंडी साचा होता. साच्याबाहेर बोटभरही जायचे नाही, असे तिला शिकवले होते. दोन भांड्यांची दोन भोके, पुढे लहान तोंड, मागे सिमेंटची नळी. त्या लहान तोंडातून लांब पऱ्हाटी जात नसे. वडील संध्याकाळी ओट्यावर बसून काड्या वीतभर मोडून ठेवू लागले. हे काम बायकांचे, असे शेजारच्या नानांनी त्यांना दोनतीनदा ऐकवले. वडिलांनी ते मनावर घेतले नाही.

महिन्याभरात फरक पडला. आई विहिरीवरून एका दमात घरी येऊ लागली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. धाकट्या बहिणीचे लग्न होऊन ती पहिलीच आखाजी होती. माहेरी आलेल्या मुलीला त्या दिवशी मांडे वाढायचे, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते असतेच. पुरणाचे हे मोठे, पातळ मांडे होतात ते खापरावर. मातीचे घमेल्याएवढे खापर चुलीवर पालथे घालायचे आणि खालून मोठा, पसरलेला जाळ द्यायचा. नव्या चुलीच्या भोकावर ते टेकत होते, पण जाळ फक्त मध्यभागी लागायचा. आदल्या दिवशी आईने एक मांडा टाकून पाहिला. मधे करपला, कडेने कच्चा राहिला.

मी गावी पोहोचलो तेव्हा ती चुलीसमोर बसलेली होती. म्हणाली, "धूर बठ्ठा वर जास, भाऊ. पन खापर बसत नही."

अंगणात दुसरी चूल घालू, असे मी सुचवले. तपासणी अजून व्हायची होती, याची तिनेच मला आठवण करून दिली. दुपारी तिने चूल बांधणाऱ्या बाईला बोलावले. बाई खुरपे घेऊनच आली. तिने भोक चारी बाजूंनी फोडून मोठे केले, पुढचे तोंडही रुंद केले. आमचे घर पाचवे, असे ती काम करता करता म्हणाली. शिकवणाऱ्या मॅडमना मांडे माहीत नव्हते का, असे मी विचारले.

"त्यासनी पातेलं मोजं," ती म्हणाली. "आखाजीनं कोन्ही इचारं नही."

मांडे चांगले झाले. बहीण दोन दिवस झोके खेळली आणि सासरी गेली. घरात धूर पहिल्यासारखाच भरू लागला.

तपासणीला तालुक्याहून कर्मचारी आला तेव्हा मी योगायोगाने घरी होतो. फोडलेल्या भोकावर आईने मोठे पातेले ठेवले होते. त्याने ते उचलून पाहिले नाही. धूर येतो का, एवढे विचारले. आई नाही म्हणाली. येतो म्हटले असते तर चूल कोणी फोडली हे विचारले गेले असते, आणि त्या बाईचे काम गेले असते. त्याने भिंतीवर गेरूने क्रमांक टाकला, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेला.

तपासणी झाल्यावर मांड्यांसाठी अंगणात चूल घातली आणि आतली पुन्हा लिंपून घेतली. पण साचा तालुक्याला परत गेला होता. बाईने अंदाजाने भोके बुजवली. नळीला ओढ येईना, धूर पुढच्या तोंडातूनच बाहेर येई. दोनदा खटपट करून तिनेही हात टेकले. अनुदान एका घराला एकदाच मिळते, असे कचेरीत सांगण्यात आले. वडिलांनी काड्या मोडायचे सोडून दिले.

पावसाळ्यात आईचा दम वाढला. मी तिला जळगावला आणले. माझ्या दोन खोल्यांत रॉकेलचा स्टोव्ह होता. आठवड्यात तिला बरे वाटू लागले, जिना चढून वर येताना ती थांबेनाशी झाली. मी म्हटले, इथेच राहा. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. वडील गावी शेजाऱ्यांकडे जेवत होते आणि तिला ते बरे वाटत नव्हते, एवढेच तिने सांगितले.

मी तिला चोपड्याच्या गाडीत बसवले. गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा सांगितले. तिने मान हलवली आणि खिडकीची काच खाली ओढून घेतली.