सरकीच्या गोदामातला नेम

रविवारची जेवणं उरकली की लोक पान खाऊन आडवे होतात. आम्ही नवराबायको बंदूक घेऊन सरकीच्या गोदामात जायचो. हे ऐकून माझी सून आजही डोळे मोठे करते, तर तेव्हा अकोल्यातल्या बायांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य साहेबाचं होतं, आणि अमरावतीला माझ्या माहेरी तर बाईनं विळीपलीकडचं हत्यार हातात धरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आमचे यजमान एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे पारखी होते. कापूस भरलेल्या बैलांच्या बंड्या आवारात येऊन लागल्या की ते एकेका बंडीतून पुंजका उचलत, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत, निघालेले धागे कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवत आणि एक नजर टाकून मालाचा दर्जा सांगत. त्यांनी सांगितलं की जिनिंगचा मालक शेठ सौदा करून मोकळा. सासूबाई, आमची दोन मुलं, आवारातलं ते कौलारू बिऱ्हाड, सगळं काही त्या एका नजरेवर उभं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण रोज जेवणाऱ्या माणसाला चुलीची आठवण कुठे असते?

बंदूक आमच्याकडे आली ती जिनिंगच्या गोऱ्या इंजिनिअरमुळे. तो विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची बारीक गोळीची रायफल शेठनं विकत घेतली आणि राखणीसाठी म्हणून यजमानांच्या नावानं परवाना काढून दिला. चोर काही आला नाही. पावसाळ्यात जिनिंग बंद असायचं, गोदामं झाडून पुसून रिकामी, त्यामुळे यजमानांनी एका लांबलचक टिनाच्या गोदामात नेमबाजी सुरू केली. एका टोकाला किडक्या सरकीच्या पोत्यांची भिंत रचली. सरकीत गोळी अशी रुतून बसते की पलीकडे जायचं नाव नाही. पोत्यांच्या पुढे आडवी दोरी बांधून तिच्यावर कागद लटकवायचा, कागदावर मी काजळानं वाटोळा ठिपका काढलेला. दुसऱ्या टोकाला टेबल, त्यावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफलची नळी. कुत्रं-मांजर मध्ये येऊ नये म्हणून दारं लावून घ्यायची. उजेड काय तो छपरातल्या दोन काचांमधून पडे तेवढाच.

पहिल्यांदा मी नुसती बघायला गेले होते. ते म्हणाले, ‘‘पाह्य तं मारून.’’ मी मारली आणि गोळी कागदाला लागली. झालं, त्या दिवसापासून मला वेडच लागलं! घरात कुणी चुकलं तर मी आकाशपाताळ एक करणारी बाई, पण त्या टेबलापाशी बसले की माझा श्वाससुद्धा अदबीनं चालायचा. आमची पद्धत ठरून गेली होती. एकानं मारायचं, दुसऱ्यानं त्याच्या उजव्या हाताला उभं राहून गोळी कुठे लागली ते सांगायचं. माझी नजर घारीची. ‘‘दोन बोटं खाली,’’ ‘‘काठाले लागली,’’ असं मी सांगे आणि ते नळी तसूभर हलवत. मी मारायची तेव्हा मात्र ते स्वतः काही सांगत नसत. ‘‘तुलेच दिसते ना, तूच सांग,’’ म्हणत. मला वाटे, बायकोची थट्टा करतात.

अशा कितीतरी गोष्टी मला वेगळ्याच वाटल्या होत्या. मागच्या हंगामात ते कापसाचा पुंजका गालावरून, ओठांवरून फिरवायला लागले. मी म्हटलं, ‘‘काय, कापसाले मुके देऊन राहिले का?’’ तर हसले. कासारीण दारात आली की मला हाक मारून म्हणत, ‘‘भरून घे व हातभर. तुह्या बांगड्या वाजल्या का घर भरल्यासारखं वाटते मले.’’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं असं म्हणावं! मी तोंडानं ‘‘काहीतरीच बाई तुमचं’’ म्हणे आणि मनातून फुलून जाई. मी मूर्ख नव्हते, पण अशा बोलण्यावर शंका घेणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

या बांगड्यांचा मला नेम धरताना मात्र त्रास व्हायचा. हात वर केला की सगळ्या कोपराकडे घसरायच्या, बंदुकीच्या दस्त्यावर आपटायच्या. एकदा एक फुटली तर सासूबाईंनी दिवसभर अबोला धरला. दसरा जवळ आलेला, पाऊस सरलेला, असा तो रविवार. मी ठरवलं, आज बांगड्या काढूनच नेम धरायचा. पण सवाष्णीनं हात मोकळे करायचे नाहीत, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. म्हणून दोन्ही हातांत एकेक बांगडी ठेवली आणि बाकीच्या काढून टेबलाच्या कडेला ढीग घातला. यजमान दाराची कडी लावत होते. त्यांना मी काही बोलले नाही. बांगड्या काढल्या हे काय नवऱ्याला सांगायचं असतं?

नवा कागद घेऊन मी पोत्यांकडे गेले. हातात एकच बांगडी असली की ती वाजत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दोरी जरा उंच होती. टाचा उचलून, दोन्ही हात वर करून मी कागदाचं टोक दोरीत अडकवत होते. मी कागदाच्या एका बाजूला उभी, कागद माझ्या तोंडापासून हातभरही लांब नसेल.

आणि बार झाला.

टिनाच्या गोदामात बार होतो तेव्हा तो कानानं ऐकू येत नाही, दातांना कळतो. कागद माझ्या बोटांतून हिसका बसून सुटला. कानाशेजारच्या पोत्याला भोक पडून सरकी माझ्या खांद्यावर गळायला लागली. मी ती गळणारी सरकी बघत राहिले. कुणीतरी धान्य मापावं तशी ती संथ गळत होती, आणि मला एवढंच कळत होतं की मी उभी आहे.

मागून यजमानांचा आवाज आला, नेहमीसारखा, निवांत. ‘‘कुठी लागली व?’’

माझ्या अंगाची आग झाली. बायकोवर बार टाकून वर विचारतो, कुठे लागली! एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी गरकन वळले. तोंडात जे येईल ते बोलणार होते, पण घशातून आवाजच निघेना.

ते थेट माझ्याकडे बघत होते. डोळे उघडे, ओठांवर हसू. मी उजेडात, समोर, काही आडोसा नाही. आणि मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, जिथे मी नेहमी उभी राहते तिकडे, आणि त्या रिकाम्या जागेला विचारलं, ‘‘सांग ना. मधात लागली का?’’

माझा राग जागच्या जागी विझला. भूत दिसावं तशी मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते.

रिकाम्या जागेनं उत्तर दिलं नाही. त्यांनी हात लांबवला. टेबल हललं, कडेचा ढीग किणकिणला, आणि माझ्या लक्षात आलं: बंदूक भरताना टेबल असंच हललं असणार. बांगड्या वाजल्या, म्हणजे बायको शेजारी येऊन उभी राहिली, असा त्यांचा हिशेब. आता त्यांची बोटं त्या ढिगावर पडली. त्यांनी एक बांगडी उचलली, चाचपली, मग दुसरी. मनगट कुठेच नव्हतं. चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मी पाहिलं. देवानं मला घारीचे डोळे कशाला दिले असं झालं.

‘‘अवं,’’ ते म्हणाले. मग मोठ्यानं, ‘‘अवं, कुठी हाय तू?’’ आणि मग त्यांनी मला नावानं हाक मारली. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते हाका मारत सुटले, टाहो फोडल्यासारखे, आणि मी काही हातांवर तिथे उभी, जिवंत, धडधाकट, आणि मला ‘ओ’ देता येईना. त्यांना वाटलं, मेली.

शेजारी छताला आधार दिलेला लोखंडी खांब होता. मी हातातली बांगडी त्याच्यावर आपटली. ठण्ण झालं. पुन्हा आपटली तेव्हा ती फुटली आणि मनगटातून रक्त आलं. पण त्यांना दिशा कळली होती. दोन्ही हात पुढे करून ते धावले, मध्ये एका बाजूला ठेवलेल्या जुन्या वजनकाट्याला अडखळून पडले, उठले आणि माझ्यापर्यंत आले. माझं डोकं, कपाळ, मान, खांदे त्यांनी बोटांनी चाचपले, कापसाचा पुंजका चाचपत तसे, सावकाश. मनगटाचं ओलं हाताला लागलं तेव्हा किंचाळलेच.

‘‘काचीचं हाय,’’ मी म्हटलं. माझा आवाज परत आला होता. ‘‘बांगडी फुटली.’’

ते खाली सरकीतच बसले. मीही बसले. मी विचारलं, ‘‘कवापासून?’’

‘‘मागच्या हंगामापासून. मधातलं सारं पुसल्यासारखं झालं. अमरावतीच्या डॉक्टरले दाखोलं, तो म्हणे नस सुकून राहिली, इलाज नाई.’’

‘‘मंग माल कसा पारखत होते?’’

‘‘धागा बोटाले समजते. ओठाले समजते. रंग नाई समजत. रंग अंदाजानं सांगतो.’’

‘‘आन ही बंदूक? काहून आणत होते मले इथी?’’

त्यांनी सरकी मुठीत घेतली आणि सोडून दिली. ‘‘पांढरा कागद धुक्यासारखा दिसे. म्या ठरोलं होतं, गोळी कागदाले लागते तोवर मी कामाचा हाय. तोवर कोणाले सांगाचं नाई.’’

‘‘आन मी? मी नाई दिसत तुमाले?’’

‘‘तू वाजतं ना,’’ ते म्हणाले.

कागद पायाशी पडला होता. मी उचलून बघितला. गोळी ठिपक्यात लागली होती, अगदी मधोमध. इतक्या रविवारांत त्यांचा इतका चोख नेम एकदाही लागला नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही, आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कागद चुलीत घातला.

घरी जाताना मी म्हटलं, ‘‘शेठले सांगा लागन.’’ ते म्हणाले, हा एक हंगाम जाऊ दे, मग पाहू. त्यांचा हिशेब मला समजत होता. नोकरीबरोबर बिऱ्हाडही जाणार होतं, आणि गेलंच. पण माझ्या खांद्यावर अजून सरकीची पिठी होती. मी म्हटलं, ‘‘आज मी वाचली. उद्या आंदाजानं अजून काय करसान? तुमी सांगा, नाई तं मी सांगतो.’’

संध्याकाळी त्यांनीच कासारणीला बोलावणं धाडलं. तिनं माझे दोन्ही हात भरले. ‘‘कोणता सण हाय व बाई?’’ तिनं विचारलं. यजमान दाराशी बसून एकेक बांगडी चढताना ऐकत होते.

सकाळी त्यांनी तोच काळ्या बाहीचा कोट घातला. मी हात धरायला पुढे झाले तर मागे सरले. ‘‘हात धरू नको, सारं आवार पाह्यते. तू फक्त माह्या समोर चाल.’’

बाईनं नवऱ्याच्या पुढे चालायचं! ओट्यावरून सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. हमाल बघत होते, मुनीम बघत होता. मी कुणाकडे न बघता हात हलवत, बांगड्या वाजवत चालले, आणि माझ्या मागून त्यांची पावलं येत राहिली, न अडखळता, आवारात उभ्या रिकाम्या बंड्यांच्या मधून. शेठच्या दारापाशी मी थांबले. तेही थांबले. मग कोटाची बटणं चाचपून, ताठ मानेनं माझ्या बाजूनं आत गेले, आणि मला बाहेर ऐकू आलं, ‘‘शेठजी, मले दिसत नाई.’’