दाजींची दोन टेबलं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हा माणूस वेडा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटण्याचा संभव आहे. मला अधूनमधून वाटायचं.

दाजी एका इमारतीच्या बांधकामावर दर्जा बघायचे. दर्जा बघायचा म्हणजे दिवसभर हिंडून लोकांना 'हे काढा, परत करा' असं सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. त्याच बांधकामावर मी स्टोअर सांभाळायचो आणि राहायचोही त्यांच्याच घरी. ही नोकरी मला दाजींनी लावून दिली होती. ते त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. ते काम ताई करायची.

खर्च बघायला दुसरा एक माणूस होता. दाजी म्हणायचे सिमेंट वाढवा, तो म्हणायचा कमी करा. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत आणि इमारत छान वर चढत होती. मग त्या माणसाला दुसरीकडे बरी नोकरी लागली. मालकांनी त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही. दाजींना बोलावलं आणि म्हणाले, "खर्च आणि दर्जा यांत समतोल पाहिजे, असं तुम्हीच म्हणता ना? मग दोन्ही तुम्हीच बघा. भांडणच नको."

पगाराचं काय, असं दाजींनी चाचरत विचारलं. पगारातही समतोल ठेवू, असं मालक म्हणाले. म्हणजे होता तेवढाच राहिला.

आता नियम असा होता की प्रत्येक कागदावर दोन्ही खात्यांची सही हवी. दुसरा कोणी असता तर एका दमात दोन सह्या ठोकून चहाला गेला असता. दाजींना ते जमलं नाही. पत्र्याच्या ऑफिसात दोन टेबलं होतीच. खिडकीजवळचं दर्जाचं, दाराजवळचं खर्चाचं. दाजी खिडकीजवळ बसून एक पत्र लिहायचे, उठायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसून ते वाचायचे, आणि त्यांना ते अजिबात पटायचं नाही. मग तसं उत्तर लिहायचे. 'आपले पत्र मिळाले. त्यातील भाषा विनाकारण कडक वाटते.' हे वाक्य मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. आधी वाटलं, गंमत करतायत. पण दाजींच्या चेहऱ्यावरची माशी हललेली नव्हती. ते खरोखरच दुखावले गेले होते.

मुकादम दारातून डोकं आत घालून विचारायचा, "साहेब, आत्ता कोण बसलंय?" वाळू चाळायची जाळी फाटली होती, ती त्याला नवी हवी होती. दाजी दाराजवळ असले की तो बाहेरच बिडी ओढत थांबायचा. ते उठून खिडकीकडे गेले की आत शिरायचा. दाजी लगेच मंजूर करायचे. तो कागद घेऊन माझ्याकडे पोहोचायच्या आत दाजी परत दाराजवळ बसलेले असायचे आणि जाळी नामंजूर झालेली असायची. या सगळ्यात माझ्या नाकी नऊ आले. बरं, शिव्या घालाव्यात तर कोणत्या टेबलावरच्या दाजींना घालाव्यात, हाही प्रश्न होता. मजूर त्यांना 'समतोल साहेब' म्हणायला लागले. तोंडावर नाही, पण फार लांबही नाही.

घरी ताईने एकदा विचारलं, "अहो, दिवसभर एकटेच बोलत असता म्हणे?" दाजी म्हणाले, "एकटा कुठे? दोघं असतो." ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मग गॅलऱ्यांचं काम आलं. त्या तिसऱ्या मजल्यापासून वर होत्या.

गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. खालून तिला आधार नसतो. तिला धरून ठेवणारी सळई वरच्या अंगाला असावी लागते. काँक्रीट ओतताना माणसं त्या सळयांवरूनच चालतात, आणि त्यांच्या वजनाने सळई खाली दबली की गॅलरी फक्त दिसायला गॅलरी उरते. म्हणून सळईखाली सळईचेच वाकवलेले छोटे टेकू देतात. खिडकीजवळच्या दाजींनी टेकू चांगले दाट मागितले. दाराजवळच्या दाजींनी उत्तर दिलं, की एवढं लोखंड केवळ इतर लोखंडाला उचलून धरायला वापरणं ही उधळपट्टी आहे. आठवडाभर पत्रं चालू होती. शेवटी दोन्ही टेबलांनी थोडी थोडी माघार घेतली आणि टेकू निम्मे करायचे ठरले.

मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "याला म्हणतात समतोल," ते म्हणाले. दाजी त्या दिवशी खुशीत घरी आले. ताईने कारण विचारलं तर म्हणाले, "दोघांचं जमलं एकदाचं."

आता इथे दाजींचं काय चुकलं ते मी पुष्कळ विचार करून शोधून काढलंय. त्यांनी दोन प्रामाणिक माणसांचं ऐकून घेतलं आणि कोणालाच वाईट वाटू नये म्हणून मधला आकडा काढला. भाजीवाल्याकडे हे चालतं. गॅलरीला तुमच्या भिडेशी काही देणंघेणं नसतं. लबाड माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. लबाडाने एकाच टेबलावर बसून काय ते ठरवलं असतं.

काँक्रीट ओतलं, सुकलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांखालचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट सुकेपर्यंत ते धरून ठेवणारा फळ्यांचा सांगाडा, निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी फिरत फिरत वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. ते पहिल्या गॅलरीच्या दारात उकिडवे बसले होते. भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक फट गेली होती. केसाएवढी. मला तर ती दाखवल्यावरच दिसली. पुढच्या गॅलऱ्यांतही तीच तऱ्हा होती.

दाजींनी मुकादमाला छिन्नी घेऊन बोलावलं आणि फटीजवळ थोडं फोडायला लावलं. सळई बोटभर खाली लागायला हवी होती. ती लागेचना. मुकादम फोडत गेला, फोडत गेला, आणि जाडीच्या निम्म्यावर गेल्यावर ती दिसली. 

"साहेब, गिलावा आणि फरशी झाली की दिसायची नाही फट," मुकादम म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. त्याला दाजींना धीर द्यायचा होता.

"नाही दिसणार," दाजी म्हणाले.

मला दाजींची फार कीव आली. लगेच स्वतःच्या नोकरीचीही काळजी वाटली. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

दाजी खाली आले, खिडकीजवळ बसले आणि त्यांनी लिहिलं: 'तिसऱ्या मजल्याच्या सर्व गॅलऱ्या पाडून पुन्हा बांधाव्यात. कारण: टेकू निम्मे केल्याने सळई खाली बसली आहे. टेकू निम्मे करण्याचा निर्णय: खाली सही करणारा.' मालक तासाभरात गाडीतून उतरले. वर जाऊन आले. रुमालाने बूट झटकले.

"पडलीय का एक तरी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पाडायची कशाला?"

"पडल्यावर पाडावी लागत नाही," दाजी म्हणाले.

मालक चिडले नाहीत. चिडणाऱ्या माणसाने एवढ्या इमारती बांधल्या नसत्या. ते म्हणाले, "हे तुम्ही त्या टेबलावरून बोलताय. मी ऐकलं. आता या टेबलाचं ऐकू द्या. पाडायला किती लागतील आणि फट बुजवून गिलावा करायला किती लागतील, दोन्ही हिशेब मांडून उद्या आणा. जे स्वस्त पडेल त्यावर मी सही करतो. तुमच्याच दोन खात्यांचा न्याय, मी मध्ये पडत नाही." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "आणि चुकीपायी पाडावं लागलं, तर चूक करणाऱ्याला आपण ठेवत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

मालक दाजींना बरोबर ओळखून होते. दाजी आकड्यांत खोटेपणा करणार नाहीत, आणि खरा आकडा काढला तर गिलावाच स्वस्त, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. त्यांच्या प्रामाणिकपणालाच त्यांनी कामाला लावलं होतं. मला त्या माणसाचा असा संताप आला की मी दोन गिऱ्हाइकांना, म्हणजे स्टोअरवर आलेल्या दोन गवंड्यांना, कारण नसताना हाकलून दिलं.

संध्याकाळी जेवताना दाजी भात चिवडत होते. ताईने त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. तिच्यापुढे कोणाचं काही लपत नाही.

"पाडलं तर नोकरी जाणार?"

"जाणार."

"आणि नाही पाडलं तर?"

"राहील. कदाचित वाढेलही."

ताई थोडा वेळ वाढत राहिली. मग म्हणाली, "काय करतात हो लोक त्या गॅलरीत?"

"कपडे वाळत घालतात," दाजी म्हणाले. "म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात." मग थांबले. "मूल जेवत नसलं की त्याला कडेवर घेऊन उभं राहतात. खालची माणसं दाखवत घास भरवतात."

ताईने भाताचं पातेलं झाकलं.  मग ती माझ्याकडे वळली. "तुझीही जाईल का रे?"

"काय माहीत."

"म्हणजे दोघं घरी बसणार. बसा. माझं डोकं खाऊ नका म्हणजे झालं." आणि ती ताटं उचलायला लागली. आमच्या घरात होकार असाच मिळतो.

सकाळी दाजी सरळ दाराजवळच्या टेबलावर बसले. माझ्याकडून सिमेंटचे, सळईचे दर घेतले. मुकादमाकडून फोडणाऱ्यांची मजुरी घेतली. डाव्या हाताला पाडून पुन्हा बांधण्याचा हिशेब: फोडणे, मलबा उचलणे, लोखंड, सिमेंट, सेंट्रिंग, झालेला उशीर. एकही गोष्ट कमी करून दाखवली नाही. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, अहो दाजी, थोडं इकडेतिकडे करा की. उजव्या हाताला: फट भरणे, गिलावा, फरशी, रंग. दोन्ही आकडे मी शेजारी शेजारी बघितले. डावीकडचा हत्ती होता आणि उजवीकडचा उंदीरही नव्हता.

मग दाजींनी उजवीकडे खाली आणखी एक ओळ लिहिली, पण बेरीज केली नाही.

मालक आले. त्यांनी कागद घेतला, डावीकडचा आकडा वाचून मान हलवली, उजवीकडचे आकडे वाचून खिशातलं पेन काढलं. आणि शेवटच्या ओळीवर थांबले. ओळ अशी होती: 'माणूस, गॅलरीत उभा असलेला. नग एक. दर'. पुढे जागा कोरी होती.

"हे काय आहे?"

"गिलाव्याच्या बाजूचा खर्च," दाजी म्हणाले. "गॅलरी जाईल तेव्हा तिच्यात कोणीतरी असणार. एकच धरलाय. कमीत कमी."

"आणि दर का नाही लिहिला?"

"सिमेंटचा दर स्टोअरकडून येतो. मजुरीचा मुकादमाकडून. हा दर लावायचा अधिकार या टेबलाला नाही, तो वरून यायला पाहिजे. तुम्ही भरा, मी लगेच बेरीज करून देतो."

टोमणा नव्हता. मी दाजींना पंधरा वर्षं ओळखतो, त्यांना टोमणा मारता येत नाही. वाळूचा दर विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं. वर म्हणाले, "घाई नाही. फक्त फोडणाऱ्यांना बोलावून बसवलंय, त्यांची मजुरी चढतेय."

 मालकांनी विचारलं, "लहान की मोठा?"

"ते आपल्या हातात नसतं," दाजी म्हणाले.

मालकांनी पेनाचं टोपण काढलं. कोऱ्या जागेत एक आकडा लिहिला. मी समोरून उलटा वाचला, पाच होता. त्याच्यापुढे शून्यं द्यायची होती. एक दिलं. दुसरं दिलं. तिसऱ्याला त्यांचा हात उचलला गेला आणि कागदावर खाली येईना.  मग त्यांनी ती सगळी ओळ खोडली, इतकी जोरात की कागद फाटला.

"पाडा," ते म्हणाले. "आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"बरं," दाजी म्हणाले.

खालचा रस्ता दोऱ्या लावून बंद केला. माणसं लांब उभी केली. फोडणारे खोलीच्या आत, दारात उभे राहिले. दिवसभराचं काम म्हणून त्यांना आणलं होतं. पहिल्या गॅलरीला भिंतीलगत घण घातला. दुसरा घातला. पाचव्या घावाला ती पानासारखी खाली वळली, क्षणभर सळयांना लटकली, आणि खाली मातीत येऊन बसली. धुरळा उडाला.  मालक गाडीजवळ उभे होते, ते दार उघडायचं विसरले.

दाजी माझ्याकडे वळले. "मजुरी अर्ध्या दिवसाचीच लागेल," ते म्हणाले. "तसं लिहून घे." आणि मग तिथेच विटांच्या ढिगावर बसले, तोंडावर दोन्ही हात घेतले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.